सावेशेठचं अडीच तासांचं जेवण

हॉटेलात काम केलेल्या माणसाकडे किस्से असणारच, असं लोक धरून चालतात. गिऱ्हाइकं येतात, भांडतात, चमचे पळवतात, की झाला किस्सा. आमचं उलटं होतं. आमच्याकडे गिऱ्हाईक फारसं यायचंच नाही, तरी किस्से साठत गेले. रिकाम्या हॉलमध्ये चार-पाच माणसं इस्त्रीचे कपडे घालून दिवसभर एकमेकांची तोंडं बघत बसली, तर दुसरं होणार तरी काय? परवा दोस्तांत विषय निघाला आणि मी जो सुरू झालो तो थांबेना. म्हटलं, एकदा लिहूनच काढू.

आधी सावेशेठ कोण ते सांगतो. चिंचणीचा माणूस. उमेदीची सगळी वर्षं मोठ्या प्रवासी बोटीवर चीफ स्टुअर्ड, म्हणजे तिथल्या जेवणाच्या हॉलचे प्रमुख. कुठल्याशा परदेशी बंदरात ते कप्तानाबरोबर एका वाइनरीत गेले होते. मळ्यात टेबलं मांडलेली, आणि नवरा-बायको बाराला जेवायला बसले की तीनशिवाय उठत नाहीत. शेठनी तिथंच ठरवलं, रिटायर झालो की असंच एक काढायचं, आणि पहिल्या टेबलावर सुलूला घेऊन बसायचं. सुलू म्हणजे त्यांची बायको, आमच्या वहिनी. शेठ बोटीवर होते तेवढी सगळी वर्षं ती बाई चिंचणीच्या घरात एकटी जेवली. मूलबाळ नव्हतं.

तर ऐंशीच्या दशकाच्या शेवटी बोईसर-तारापूर रस्त्याला, एमआयडीसीला लागून, शेठची वाइनरी उभी राहिली. मागे शेडमध्ये टाक्या, नाशिककडून ट्रकने येणारी द्राक्षं, आणि पुढे रेस्टॉरंट. पांढरे टेबलक्लॉथ, पातळ काचेचे ग्लास, आणि सूपपासून कॉफीपर्यंत अडीच तासांचं जेवण! मी तिथं वेटर. मूळचा जुन्नरकडचा, कंपनीनं ब्रेक देऊन कामावरून कमी केलेला, बोईसरमध्ये आपलं म्हणावं असं कुणी नसलेला. खिडकीजवळचं दोघांचं टेबल शेठ रोज स्वतः मांडायचे. सगळं तयार होतं, फक्त वहिनी यायला तयार नव्हत्या.

*

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे शेजारच्या एका कंपनीतले दोन सुपरवायझर. एमआयडीसीत जेवणाची सुट्टी अर्धा तास, हे शेठना कुणी सांगितलेलं नव्हतं. ते दोघं बसले. शेठनी वाकून मेनू समजावला, ब्रेड आणला, मग सूप आणलं. सूप आणि मासे यांच्यात शेठ मुद्दाम वेळ जाऊ द्यायचे. म्हणायचे, "गप्पा व्हायला नकोत का?" पण एकाच शेडमध्ये, एकाच शिफ्टला रोज शेजारी उभं राहणाऱ्यांना नवीन काय बोलायचं असणार? दोघं घड्याळाकडे बघत राहिले.

माशांची प्लेट आतून निघाली आणि बाहेर भोंगा झाला. दोघं नॅपकिन गळ्यात तसेच ठेवून पळाले.

संध्याकाळी त्यातला एक नॅपकिन परत द्यायला आला. जरा घुटमळला आणि म्हणाला, "शेठ, पुढे काय काय होतं?"

शेठनी त्याला दारातच उभं राहून राहिलेलं सगळं जेवण सांगितलं. पापलेट कसं भाजलं होतं, त्यावर काय घातलं होतं, गोड काय होतं. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं, "वा" म्हणाला आणि सायकलवर बसून गेला.

*

पालघरचे एक मास्तर बायकोला आणि आईला घेऊन आले होते. सूप झालं. मी वाट्या उचलायला गेलो, तर आजींनी वाटी दोन्ही हातांनी घट्ट धरली. त्यातलं अर्धं सूप तसंच होतं.

"आजी, नेऊ का?"

"नाय. भात येऊ दे."

मी गेलो, परत आलो, परत तेच. शेवटी शेठ आले, अगदी बोटीवरच्या अदबीनं वाकले. आजी त्यांना म्हणाल्या, "बाबा, पातळ तू आधी नेणार आणि भात शेवटी आणणार, मग मी कालवू काय?"

शेठनी वाटी राहू दिली. मधे मासे आले, चिकन आलं, आजींनी एका हातानं वाटी सांभाळत सगळं खाल्लं. बऱ्याच वेळानं भात आला. त्यांनी थंडगार सूप त्यावर ओतलं, कालवलं, दोन घास घेतले आणि म्हणाल्या, "मीठ कमी हाय." आत स्वयंपाकघरात हिराबाय हसून हसून खाली बसली. ही आमची आलेवाडीची स्वयंपाकीण, आणि मीठ कमी घालायचा हुकूम शेठचा होता.

*

शेठनी आम्हाला वाइनचा वास घ्यायला शिकवलं होतं. ग्लास तिरका धरायचा, हलकेच फिरवायचा, नाक आत घालायचं, डोळे मिटायचे. मला नुसता द्राक्षांचाच वास यायचा. शेठ म्हणायचे, "घाई करू नकोस. त्याच्या मागे अजून काहीतरी आहे."

एका सुट्टीच्या दिवशी दोन केमिस्ट आले. उत्तरेकडचे, दोघंही घरच्यांना गावी ठेवून इथं राहिलेले. शेठनी बाटली उघडली आणि नेमका वारा कारखान्यांकडून फिरला. तो वारा बोईसरमध्ये राहिलेल्या माणसाला सांगायला नको. एकानं शेठनी दाखवलं तसा ग्लास फिरवला, नाक घातलं, डोळे मिटले.

"काय येतंय?" शेठ आशेनं म्हणाले.

त्यानं परत एकदा वास घेतला आणि दोस्ताला म्हणाला, "ये तो अपना बी-प्लँट है."

दोस्तानं ग्लास घेतला. "नहीं यार, ये बाजूवालों का है."

झालं, जुंपली! कुठल्या टाकीतला वास, कुठल्या व्हॉल्व्हचा, मग त्या प्लँटवरचा साहेब, मग त्या साहेबाचं गाव, मग यांची गावं, मग यांची पोरं. सूप झालं, मासे झाले, कॉफी झाली, तरी दोघं बोलत होते. मी म्हटलं शेठ चिडले असतील. शेठ काउंटरला टेकून कौतुकानं बघत होते. "पहिल्यांदा एक टेबल पूर्ण अडीच तास बसलं," ते म्हणाले, आणि त्यांची नजर खिडकीजवळच्या टेबलाकडे गेली.

*

चव बघायची पद्धत तर आम्ही आपापसातच गिरवायचो. वाइन आधी घोटभर ओतायची, पाहुण्यानं चाखायची, मान हलवली की मग ग्लास भरायचा. एके दिवशी पाहुणा व्हायची पाळी बारक्या वरठाची आली. बारक्या बागेचं काम बघायचा, डहाणूकडच्या डोंगरातल्या पाड्यावरचा माणूस. त्याला खुर्चीत बसवलं. शेठनी घोटभर ओतली आणि अदबीनं थांबले.

बारक्या ग्लास घेऊन उठला, दाराबाहेर गेला, जमिनीवर ओतून आला आणि ग्लास पुढे ठेवून म्हणाला, "आता मला द्या."

"अरे, ती चव बघायला होती."

"पयली मेलेल्यांची," बारक्या म्हणाला. "मग आपली."

"पण पसंत आहे की नाही ते कळायला नको का?"

"ते नाय बोलणार पसंत नाय म्हणून."

आम्ही हसलो. शेठ हसले नाहीत. त्यांची आई गेली तेव्हा ते समुद्रावर होते, बातमी पोचेपर्यंत तेरावं होऊन गेलं होतं. त्यांनी आणखी घोटभर ओतली आणि स्वतः दाराबाहेर गेले. बरंच थांबून आत आले.

*

रिकाम्या हॉटेलात कुणी शिरत नाही, म्हणून शेठनी एक युक्ती काढली. आमच्यातल्या एकेकानं साधा शर्ट घालून रस्त्याकडच्या काचेशी बसायचं आणि गिऱ्हाईक म्हणून जेवायचं. ऐकायला मजेचं वाटतं. पण एवढ्या मोठ्या हॉलमध्ये एकट्यानं अडीच तास जेवणं हे कष्टाचं काम आहे, करून बघा. खोलीवर मी पातेल्यातूनच खायचो, तिथं कधी एवढं वाईट वाटलं नाही. इथं समोर सगळं होतं, आणि "हे बघ काय मस्त झालंय" असं म्हणायला समोरच्या खुर्चीत कुणी नव्हतं. घराची आठवण मला तिथं बसून जितकी आली तितकी कुठंच आली नाही.

त्यातच एकदा माझे मामा कांद्याच्या ट्रकबरोबर बोईसरला आले आणि त्यांनी मला काचेतून पाहिलं. ट्रक थांबणार नव्हता. मामा गावी गेले आणि सांगत सुटले, भाचा रोज पांढऱ्या टेबलावर बसून जेवतो, मोठा साहेब झाला!

महिन्याभरात मामा एका मुलीच्या वडिलांना घेऊन हजर. मला कळवलं नव्हतं, अचानक येऊन खूश करायचं होतं. त्या दिवशी मी गळ्यात काळा बो लावून दारात उभा. दार मीच उघडलं. मामांचा चेहरा पडला. मुलीचे वडील मात्र मला कुठं ओळखत होते? ते हॉलभर नजर फिरवत म्हणाले, "आमचे होणारे जावई कुठं बसतात हो?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं, मी मामांकडे.

"आज त्यांची सुट्टी आहे," मी म्हटलं, आणि त्यांच्यासाठी खुर्ची मागे ओढली.

मामा सूप संपेपर्यंत छताकडे बघत होते. ते लग्न जमलं नाही. मुलगी चांगली होती असं नंतर कळलं, आणि ते कळायला नको होतं असं अजून वाटतं.

*

आता शेठचा डबा. शेठ रात्रीही वाइनरीतच झोपायचे, वहिनी चिंचणीच्या घरी. त्या येत नाहीत म्हणून शेठ रोज दुपारी चिंचणीच्या एसटीबरोबर डबा पाठवायचे. एका कप्प्यात सूप, एकात मासे, एकात गोड. परतीच्या गाडीनं डबा घासूनपुसून यायचा. पण आपल्याकडे कुणाचा डबा रिकामा परत करत नाहीत, त्यामुळे वहिनी त्यात बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी घालून पाठवायच्या. शेठ कोट काढून ठेवायचे आणि ओट्याशी उभं राहून ते शेवटच्या थेंबापर्यंत पुसून खायचे.

हिराबाय एकदा म्हणाली, "दोघं एकमेकांनी धाडलेलं जेवतात. गावं तेवढी वेगळी."

शेवटी शेठनी मला वहिनींना बोलवायला चिंचणीला धाडलं. वहिनी ओटीवर सुकट निवडत होत्या. मी निरोप दिला. त्यांनी मला चहा दिला, माझी चौकशी केली, घरी कोण कोण असतं विचारलं. मग म्हणाल्या, "भाऊ, पयली पयली मी ताट वाढून वाट बघायची. आज बोट लागंल, उद्या लागंल. मग सोडलं. भूक लागली की जेवते. आता त्यांना सांगा, वाट बघायची त्यांची पाळी हाय."

मी परत आलो. शेठ फाटकातच उभे होते. मी म्हटलं, "बघू म्हणाल्या." शेठनी दुसऱ्या दिवशीही खिडकीजवळचं टेबल दोघांसाठी मांडलं.

*

शेवटी ते चालणार नव्हतंच. शेठनी रेस्टॉरंट बंद करायचं ठरवलं, टाक्यांना गिऱ्हाईक मिळालं. शेवटचा रविवार होता. डब्याबरोबर बहुतेक ती बातमी चिंचणीला पोचली असावी, कारण बाराच्या एसटीनं सुलूवहिनी उतरल्या. नेसायला ठेवणीतलं लुगडं, केसांत अबोलीचा गजरा.

शेठ धावत दारात गेले. त्यांनी वहिनींना खिडकीजवळच्या टेबलाशी आणलं, खुर्ची ओढली, त्यांना बसवलं. मी समोरची खुर्ची शेठसाठी ओढून धरली.

"थांब, ब्रेड आणतो," शेठ म्हणाले.

ब्रेड आणला. मग माझ्या हातातला ट्रे घेतला आणि सूप स्वतः वाढलं. नॅपकिन हातावर टाकून वहिनींच्या डाव्या बाजूला, पाय जुळवून, ताठ उभे राहिले. मासे आले तेव्हा दोन चमच्यांनी पापलेटचा काटा असा अलगद काढला, की आम्ही आतून बघत राहिलो. वहिनी सावकाश जेवत होत्या. मधूनच समोरच्या खुर्चीकडे बघायच्या.

"तुमी बसा ना," त्या एकदा म्हणाल्या.

"हो, हे एवढं वाढतो आणि बसतो."

चिकन झालं, भात झाला. वहिनींनी शेजारची ब्रेडची प्लेट थोडी समोरच्या खुर्चीकडे सरकवली. शेठनी ती नीट केली, पुसली, परत जागेवर ठेवली. हिराबाय माझ्या कानाशी म्हणाली, "अरं, कोणीतरी त्यांना बसवा." पण शेठच्या चेहऱ्यावर एवढा आनंद मी कधी पाहिला नव्हता. आमच्यातल्या कुणाची हिंमत झाली नाही.

गोड झालं, कॉफी झाली. पुरते अडीच तास. शेठ बडीशेप आणायला आत गेले.

वहिनींनी नॅपकिनची घडी घातली, उठल्या, पिशवी घेतली आणि दारात माझ्याजवळ येऊन थांबल्या.

"वाढणारा माणूस चांगला हाय तुमचा," त्या म्हणाल्या. "ठेवून घ्या त्याला."