जीपमधली दुसरी बॅटरी

कृष्णात सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाला, पण कराडजवळच्या आमच्या गावात त्याला सगळे मेजरच म्हणतात. सैन्यात तो गाड्यांचा इलेक्ट्रिशियन होता. लडाखच्या थंडीत गोठलेले ट्रक पहाटे चालू करायचे आणि आसामच्या पावसात सडलेलं वायरिंग बदलायचं, यात त्याची उमेदीची वर्षं गेली. परत आल्यावर त्यानं हायवेच्या कडेला दुकान टाकलं. गाडीचा सेल्फ लागत नसला की लोक कृष्णातकडे जात आणि त्याचं म्हणणं शेवटचं मानत. त्याचीही त्याला सवय झाली होती.

त्याची आई बयाबाई. सत्तरी ओलांडलेली, बारीक अंगाची. चुलीच्या धुरानं म्हणा किंवा आणखी कशानं, तिची फुप्फुसं निकामी होत आली होती. डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचं मशीन ठेवायला सांगितलं. भिंतीतल्या प्लगवर चालणारं, पेटीएवढं, चाकांवरचं मशीन. त्याची नळी नाकाला लावून ती घराच्या पुढच्या सोप्यात बसायची. नळी जिथवर पोचेल तिथवर तिचं घर.

बयाबाईचं माहेर कोयनेच्या धरणात गेलेलं. ती आठ-नऊ वर्षांची असताना गाव उठलं. ट्रक आले, भांडीकुंडी चढली, गुरं चालत निघाली. पुढं तिचे आईवडील दुसरीकडे नव्या वसाहतीत राहिले, तिचं लग्न इकडं झालं, आणि माहेर म्हटलं की तिला पाण्याखालचंच गाव आठवायचं. मे महिन्यात धरण आटलं की तिथले चौथरे उघडे पडतात, हे तिनं ऐकलं होतं. तिची चुलतबहीण जाऊनही आली होती. देवळाचा चौथरा हाय, विहिरीचा कठडा हाय, आपल्या दारातला फणस तेवढा न्हाई, असं तिनं फोनवर सांगितलं होतं.

"मला एकदा न्हे की रं तिकडं," बयाबाई कृष्णातला म्हणायची.

"बघू," कृष्णात म्हणायचा.

सैन्यात होता तेव्हा सुट्टी कमी पडे. दुकान टाकल्यावर दुकान सुटेना. मग मशीन आलं, आणि आता आईला नेणं खरंच अवघड झालं. बयाबाईनं दुसरं काही मागितलं नाही. डॉक्टरांनी जेव्हा कृष्णातला बाजूला घेऊन सांगितलं की पुढच्या वर्षाचं काही बोलू नका, तेव्हा तो घरी येऊन आईजवळ बसला आणि म्हणाला, "या मे महिन्यात जायचं, आई. माहेरी."

लष्कराच्या लिलावातली एक जुनी फोर बाय फोर जीप त्याच्याकडे होतीच. पाटण ओलांडून घाट चढायचा, पवनचक्क्यांच्या पठारावरून पलीकडे उतरायचं, आणि शेवटी कच्च्या वाटेनं पाण्यापर्यंत जायचं. जीप तिथं आरामात गेली असती. प्रश्न मशीनचा होता. जीपच्या मूळ बॅटरीवर ते चालवलं तर ती उतरेल आणि भर रानात गाडी चालू होणार नाही. म्हणून त्यानं दुसरी बॅटरी बसवायचं ठरवलं. दोन्हींच्या मधे एक रिले. इंजिन पळत असलं की दोन्ही चार्ज होणार, व्होल्टेज पडलं की रिले दोघींना वेगळं करणार. मूळ बॅटरी फक्त गाडीसाठी, दुसरी फक्त आईच्या मशीनसाठी. कल्पना बरोबर होती. आता फक्त बॅटरी निवडायची राहिली होती.

तो इस्लामपूरला धवलच्या दुकानात गेला. धवलच्या वडिलांपासून तो तिथूनच बॅटऱ्या घ्यायचा. त्यानं ट्रकला लागते तशी एक मोठी बॅटरी बोटानं दाखवली.

"मेजर, मशीन किती वेळ चालवायचंय?" धवलनं विचारलं.

"जाऊन-येऊन पाच-सहा तास."

"मग ही घेऊ नका. ही सेल्फ मारायची बॅटरी. एका दमात जोर लावायचा आणि लगेच भरून घ्यायचं, एवढंच हिचं काम. हळूहळू रिकामं होणं हिला सोसत नाही. तुम्हाला डीप सायकल पाहिजे, सावकाश उतरणारी."

"घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर असती, तसली?"

"चालली असती. पण जीप कलंडली की ॲसिड सांडंल. सीलबंद एजीएम घ्या. न्हाईतर सरळ लिथियम. वजनाला निम्मी, आणि शेवटपर्यंत व्होल्टेज धरून राहते."

"लिथियम नको. स्कूटरी पेटलेल्या बघितल्यात मी."

"ते लिथियम वेगळं, हे फॉस्फेटवालं, असं पेटत न्हाई. आणि आपण ते बॉनेटखाली न्हाई ठेवायचं, सीटच्या मागं ठेवू. मधे रिलेऐवजी त्याचा चार्जर बसवू. पुण्यावरनं आठ-दहा दिवसात येईल."

कृष्णात हसला. "धवलशेठ, शून्याच्या खाली तापमान असताना गाड्या चालू केल्यात मी. बॅटरी म्हणजे बॅटरी. द्या ही."

घाई होती हेही खरं. वळिवाचे दोन पाऊस झाले होते आणि आणखी झाले असते तर ती कच्ची वाट निसरडी झाली असती. पण नंतर त्यानंच कबूल केलं, आठ-दहा दिवस थांबता येणार नाही एवढी ती घाई नव्हती. गिऱ्हाइकांसमोर दुकानदारानं आपल्याला बॅटरी शिकवावी, हे त्याला रुचलं नव्हतं. घरी राजेश्वरी, त्याची बायको, म्हणाली, "आवं, आठ दिवसांनी काय हुतंय? थांबा की." त्यावर तो म्हणाला, "तुला काय कळतंय त्यातलं."

बॅटरी बसली, आणि तिच्यावर मशीनला घरच्यासारखी वीज देणारा इन्व्हर्टरही. वायरिंग त्यानं असं नीटनेटकं केलं की बघत राहावं. आणि मग तो रोज संध्याकाळी अंगणात चाचणी घेऊ लागला. इंजिन बंद, आई जीपमध्ये पुढच्या सीटवर, मशीन मागं, इन्व्हर्टर चालू. बयाबाईला ते आवडायचं. घरातून बाहेर बसायला मिळायचं आणि येणारीजाणारी माणसं थांबून बोलायची. "माहेरी निघाली व्हय, नानी?" कुणी विचारलं की ती नळीवरून पदर सारखा करायची.

इन्व्हर्टर शिट्टी मारेपर्यंत कृष्णात मशीन चालू ठेवायचा. आपल्या आईचा प्रश्न आहे, पक्कं माहीत पाहिजे, म्हणून. पहिल्या दिवशी मशीन चांगलं चाललं. दुसऱ्या दिवशी जरा कमी. मग आणखी कमी. त्याच्या ते लक्षात आलं होतं. उन्हाळा आहे, चार्जिंग अपुरं झालं असेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं. दुसरा कुणी ही तक्रार घेऊन दुकानात आला असता, तर त्यानं पहिल्यांदा बॅटरीवरच बोट ठेवलं असतं.

निघाले ते एका गुरुवारी सकाळी. बयाबाई हिरवं नऊवारी नेसली होती. राजेश्वरीनं भाकरी, खर्डा आणि दही बांधून घेतलं होतं. सोबतीला एक छोटा ऑक्सिजन सिलिंडर होता, अडीअडचणीला. पाटणपर्यंत गाडी वेगात आली, मशीन घुमत राहिलं. घाट चढून पठारावर आल्यावर पवनचक्क्या दिसल्या. बयाबाई मान वर करून बघत होती.

"एवढं पंखं कुणाला वारा घालत्यात रं?"

"वीज तयार हुती त्यातनं, आई."

"आपल्याला मिळती का?"

"ग्रिडला जाती. तिथनं सगळ्यांला."

ती हसली. कृष्णात सांगतो, आईला इतकं हसताना त्यानं कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं.

पठार संपलं आणि कच्ची वाट सुरू झाली. दगड, खाचा, उतार. कृष्णातनं जीप लो गियरमध्ये टाकली. गाडी माणसाच्या चालीनं उतरू लागली, इंजिन जेमतेम गुरगुरत राहिलं. बॅटऱ्या भरणारा जुना अल्टरनेटर त्या गतीला काहीच देत नव्हता. रिले सुटला आणि सगळा भार दुसऱ्या बॅटरीवर आला. एक वळण झालं, दुसरं झालं, आणि इन्व्हर्टरनं शिट्टी मारली. मशीन बंद पडलं.

त्यानं गाडी थांबवून ॲक्सिलरेटर दाबला. मशीन चालू झालं. पाय काढला की पुन्हा बंद. राजेश्वरीनं न सांगता सिलिंडरची नळी सासूच्या नाकाला लावली. कृष्णात खाली उतरला, बॉनेट उघडलं, मीटर लावला आणि नुसता बघत उभा राहिला. ट्रकची एवढी मोठी बॅटरी, आणि आत काही उरलं नव्हतं.

त्या वळणावरून पाणी दिसत होतं. खोल खाली, आटून अरुंद झालेलं, आणि दोन्ही काठांना उघड्या पडलेल्या तांबूस जमिनीचा पट्टा. बयाबाई सीटवरून पुढं वाकली होती.

"ते काय रं, पांढरं दिसतंय? देवळाचा चौथरा न्हवं ते?"

"असंल."

"किती लांब हाय?"

"अर्धा तास. पण सगळा उतार हाय, आई. हळूच जावं लागंल. मशीन चालायचं न्हाई."

"ह्यो सिलिंडर हाय की."

"त्यो घराकडं पोचायला पाहिजे. खाली जाऊन पुन्हा ही चढण चढायची, तवर पुरायचा न्हाई."

"माझं काय व्हायचं ते हुंदे. आलोय एवढं तर चल."

राजेश्वरी नवऱ्याकडे बघत होती. कृष्णातनं पुन्हा मीटर लावला, जणू या वेळी वेगळा आकडा दिसेल. मग त्यानं बॉनेट मिटलं.

"न्हाई, आई. मागं फिरूया. बॅटरी बदलतो आणि पुन्हा आणतो तुला."

बयाबाई थोडा वेळ खाली बघत राहिली. "बरं," ती म्हणाली. "गाडी वळीव."

परत येताना पठारावर गाडीनं वेग घेतला, अल्टरनेटरनं जोर धरला आणि मशीन पुन्हा घुमू लागलं. ते कराडपर्यंत सुरळीत चाललं. भाकरी तशीच परत आली.

दुसऱ्याच दिवशी तो धवलकडे गेला. धवलनं बॅटरीला लोड लावून बघितलं आणि विचारलं, "चाचणी घेतली होती का?"

"रोज. पार उतरंपर्यंत."

धवल हलक्या आवाजात म्हणाला, "त्यातच गेली ती, मेजर. दर वेळी तळाला नेली की थोडी थोडी मरते ही." आणि ताबडतोब पुण्याला फोन लावला. आधी सांगितलं होतं, असं तो एकदाही म्हणाला नाही. तसं म्हणाला असता तर बरं झालं असतं, असं कृष्णातला वाटलं.

लिथियम बॅटरी आली तेव्हा कराडला पाऊस लागला होता. त्यानं ती सीटमागं पक्की बसवली, चार्जर जोडला, अंगणात मशीन लावलं. दुपारी लावलेलं मशीन दिवेलागणीलाही चालूच होतं. पण तोवर घाटाची वाट चिखलात गेली आणि धरण भरू लागलं. बातम्यांत रोज पाण्याची पातळी सांगायचे. लोकांना आनंद व्हायचा. कृष्णात टीव्ही बंद करायचा.

दिवाळीच्या सुमारास तो आईला म्हणाला, "नुसतं पाणी बघून येऊ चल. वरनं दिसतंय."

"पाणी काय बघायचं?" ती म्हणाली. "मे महिन्यात जाऊ."

माघात एका दुपारी ती सोप्यातच गेली. मशीन चालू होतं.

लोकांनी कृष्णातची समजूत काढली. तू मागं फिरलास म्हणून तिला आणखी आठ-नऊ महिने मिळाले, असं सांगितलं. ते खरंही असेल. त्यानं डॉक्टरांना विचारलं होतं, तो सिलिंडर खाली जाऊन यायला पुरला असता का. डॉक्टर म्हणाले, कदाचित पुरला असता, कदाचित नाही. त्या उत्तरानं त्याला कधीच झोप लागू दिली नाही. बॅटरी चुकली हे तो आता कुणालाही सांगतो. त्या वळणावर आपण चुकलो की बरोबर होतो, हे मात्र त्याला अजून ठरवता आलेलं नाही.

मे महिन्यात तो गेला. राजेश्वरी सोबत होती. जीप थेट काठापर्यंत उतरली. पाणी मागं सरलं होतं, चिखल वाळून भेगाळला होता. देवळाचा चौथरा होता. विहिरीचा कठडा होता. आणि त्याच्या आजूबाजूला घरांचे चौथरे, वीस असतील, पंचवीस असतील, सगळे सारखेच, गाळानं लिंपलेले, एकाच रंगाचे. कृष्णात त्यांच्यामधून फिरला. एका चौथऱ्यापाशी थांबला, मग दुसऱ्यापाशी.

"आत्तींच्या माहेरचं घर कुठलं?" राजेश्वरीनं विचारलं.

त्यानं चुलतमावशीला फोन लावून बघितला. तिथं रेंज नव्हती. विहिरीपासून तिसरं की देवळाच्या मागचं, हे आईनं लहानपणी त्याला कितीदा तरी सांगितलं असेल. त्यानं कधी कान देऊन ऐकलंच नव्हतं.

"म्हाईत न्हाई," तो म्हणाला, आणि ऊन डोक्यावर येईपर्यंत दोघं त्या चौथऱ्यांमधून हिंडत राहिली.