लालबागचे भाऊजी आणि किंगस्टनची तबकडी

भाऊजी गेल्याची बातमी आमच्या गावी, मालवणजवळच्या वाडीत पोचायच्या आधी जपानात पोचली. दर रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला ओसाकाहून त्यांच्या ताकेशी या मित्राचा फोन यायचा, तसा तो त्या रविवारीही आला. परळच्या हॉस्पिटलात कागदांवर सह्या करून मी नुकतीच घरी पोचले होते. हातातली पिशवी खाली ठेवतेय तोवर भाऊजींचा मोबाइल टेबलावर वाजायला लागला. माझं इंग्रजी शाळेतलं. कसंबसं सांगितलं, की ते आज सकाळी गेले. पलीकडून त्याने विचारलं, "काल त्यांनी काय ऐकलं?" म्हटलं, काहीच नाही रे, चार दिवस हॉस्पिटलात होते. हे ऐकलं आणि तो रडायला लागला.

आज महिना उलटून गेला. भेटायला माणसं पुष्कळ आली. बहुतेकांना ते 'बोटीवरचे अनंतराव' म्हणून ठाऊक. पण रेगे नावाच्या संगीताच्या जुन्या तबकड्या जमवणारी जी वेडी मंडळी जगभर पसरली आहेत, त्यांच्यात ते 'अनंत फ्रॉम लालबाग' होते, हे भेटायला आलेल्यांपैकी कोणालाच माहीत नव्हतं. मला माहीत होतं. चाळीस वर्षं मी ते संगीत स्वयंपाकघरातून ऐकत आले.

अनंत माझे मोठे दीर. वडील गिरणीत विणकाम खात्यात, आई गाबतीण, मासेमारांच्या घरातली. माझे यजमान, मोहन, वडिलांमागे गिरणीत लागले आणि भाऊजी बोटीवर गेले. मालवाहू बोटीवर खलाशांसाठी रांधणाऱ्याला भंडारी म्हणतात, ते काम त्यांच्याकडे होतं. एकदा त्यांची बोट जमैकाला, किंगस्टनच्या बंदरात इंजिन बिघडून पाच आठवडे अडकली. भाऊजी रोज मासळी आणायला बाजारात जायचे. तिथे एका गल्लीच्या तोंडाशी माणसाएवढे लाकडी स्पीकर रचून लोक गाणी लावायचे. पहिल्या दिवशी ते मासळी हातात घेऊन इतका वेळ उभे राहिले, की बोटीवर पोचेपर्यंत ती नरम पडली आणि बोटीवरच्या मुकादमाने त्यांना सगळ्यांदेखत झापलं. दुसऱ्या दिवशी आधी गाणी ऐकली, मग मासळी घेतली. त्या गल्लीतल्या दुकानातून, एका जाडजूड बाईकडून, ते रोज एकदोन छोट्या तबकड्या घ्यायचे. पाच आठवड्यांनी बोट निघाली तेव्हा त्यांच्या पेटीत कपडे कमी आणि तबकड्याच जास्त होत्या.

मी लग्न होऊन चाळीत आले तेव्हा या तबकड्या पलंगाखाली होत्या. बोटीवरून सुट्टीवर आले, की भाऊजी संध्याकाळी एकेक लावत. सासूबाई देवापुढे वात लावता लावता ओरडायच्या, "मेल्या, बंद कर तां आधी!" भाऊजी हसायचे. मला एकदा जवळ बसवून त्यांनी समजावलं होतं, "आयक गो सुनंदा. आपल्या भजनात टाळ पडतो ना, तिथे हे लोक गप्प बसतात. आणि आपण श्वास घेतो, तिथे हे वाजवतात." ते कळल्यावर मला ते संगीत आवडायला लागलं असं म्हणणार नाही, पण कणीक मळताना माझे हात त्या ठेक्यात पडायला लागले. गिरण्यांचा संप लांबला, घरात सगळ्यांची तोंडं उतरलेली, तेव्हा सासूबाईंनी आपणहून विचारलं, हे लोक गातात तरी कशाबद्दल? भाऊजी म्हणाले, "आई, ह्यांच्या पूर्वजांना बोटीत कोंबून तिकडे नेलं आणि मळ्यांवर राबवलं. त्याबद्दल गातात. देवाबद्दल पण गातात." त्यानंतर त्यांनी 'बंद कर' कधी म्हटलं नाही... 'हळू कर' म्हणायच्या.

बोटीवरची नोकरी सुटेपर्यंत इकडे कॅसेटी जाऊन सीड्या आल्या होत्या. लोक तबकड्या टाकून द्यायला लागले आणि भाऊजी त्या उचलायला. माहीमच्या जुन्या घरांतून, माटुंग्याच्या एका वकिलाच्या माळ्यावरून आणि गिरगावातल्या खोताच्या वाडीतून तर कितीतरी. माझं माहेर गिरगावातलंच, त्यामुळे त्या वाडीतल्या घरांत त्यांना मीच घेऊन जायची. तिथले पुरुषही बोटींवर गेलेले, त्यांनीही दूरदूरच्या बंदरांतून तबकड्या आणलेल्या. मुलं परदेशी निघाली, की सामान आवरताना ते खोके दाराशी यायचे. एका म्हाताऱ्या बाईने खोका देताना भाऊजींना विचारलं होतं, "वाजवणार ना पण?" त्या दिवशी परतताना ते टॅक्सीत तो खोका मांडीवर घेऊन बसले.

तिकडे जमैकातही तबकड्या छापणारे कारखाने एकेक करून बंद पडत होते. इंग्लंडचे आणि जपानचे शौकीन यायचे, घराघरांतून पोत्यांनी तबकड्या घेऊन जायचे. ताकेशी हा त्यातलाच. आठ-दहा वर्षांपूर्वी माझ्या मुलीने, प्राजक्ताने, भाऊजींच्या काही तबकड्यांचे फोटो इंटरनेटवर टाकले, त्यावरून त्याने हुडकलं. मग काय, जगभरातून विचारणा यायला लागल्या. तबकड्यांना पुन्हा दिवस आले होते. जुन्या गाण्यांच्या नव्या आवृत्त्या निघत होत्या आणि नव्या छापाला जुनं भासवून विकणारेही निपजले होते. लोक भाऊजींना फोटो पाठवून विचारायचे, ही खरी का? भाऊजी भिंग घेऊन बसत. गाणं संपल्यावर तबकडीवर जो रिकामा पट्टा राहतो, त्यात हाताने कोरलेले आकडे असतात, ते पाहून सांगत. एकाने अभिमानाने लिहिलं होतं, की माझ्याकडची तबकडी मी पाकिटातून काढलेलीच नाही. भाऊजी भडकले. "वाजवायची नाही तर घेतलीस कशाला? लोणचं घालणार तिचं?" हे इंग्रजीत कसं लिहायचं म्हणून प्राजक्ता हसत बसली होती.

पण भाऊजी साधेभोळे दानशूर होते, असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. तबकड्यांच्या बाबतीत ते पक्के आपमतलबी होते. त्याला कारणही घडलेलं होतं. परदेशातला एक व्यापारी घरी येऊन, माझ्या हातचं जेवून, फोटो काढायला म्हणून निवडक तबकड्यांचा एक खोका हॉटेलवर घेऊन गेला, तो परत आलाच नाही. त्यानंतर ते कोणालाही तबकडीला हात लावू देत नसत. मलासुद्धा.

त्यांच्याकडे एक तबकडी अशी होती, की तिच्या लेबलवर काहीच छापलेलं नव्हतं. किंगस्टनच्या त्या दुकानदारणीने निघायच्या दिवशी ती वरून दिलेली. एक तरुण बाई गाते. गाणं सुरू व्हायच्या आधी ती कोणाला तरी काहीतरी विचारते आणि हसते, ते हसूही त्यात आलंय. कोण बाई, कोणाला ठाऊक नाही. ताकेशीने फोनवर ऐकली आणि तो वेडाच झाला. तीस वर्षं या नादात काढलेल्या माणसाने हा आवाज कधी ऐकला नव्हता. त्याने शौकिनांच्या एका गटात त्याबद्दल लिहिलं आणि पंधरा दिवसांनी किंगस्टनहून एका बाईचं पत्र आलं. नाव डोरीन, शाळेत शिक्षिका. लिहिलं होतं, की माझी आई एकोणिसाव्या वर्षी एका स्टुडिओत गायली होती, ते गाणं कधी बाजारात आलंच नाही. मी चार वर्षांची असताना आई गेली. तिचा आवाज मला आठवत नाही. मला फक्त एकदा ऐकवाल का?

भाऊजी म्हणाले, नाही.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "अहो भाऊजी, तिची आई आहे ती."

"कशावरून? ताकेशी ओळखीचा, ही कोण? व्यापारी अशीच नाटकं करतात. ऐकवलं की रेकॉर्ड करणार, दुसऱ्या दिवशी त्याच्या तबकड्या छापणार."

"छापू देत की मग."

"सुनंदा, तुला नाही कळायचं. बाकी सगळ्या प्लेटा जगात कोणा ना कोणाकडे आहेत. ही एकच अशी आहे, जी फक्त माझ्याकडे आहे."

त्यानंतर आम्ही आठवडाभर बोललो नाही. दीर-भावजय, दोघंही सत्तरीच्या आसपासची, अकराव्या मजल्यावरच्या एवढ्याशा घरात! चाळ पाडून टॉवर झाला, त्यात मिळालेली ही जागा. यजमान जाऊन नऊ वर्षं झाली आणि प्राजक्ता सासरी. मी चहा त्यांच्या दाराशी स्टुलावर ठेवायची, ते रिकामा कप धुऊन ओट्यावर ठेवायचे. शेवटी एका सकाळी मला राहवलं नाही. भांडायला म्हणून गेले नव्हते, पण बोलता बोलता रडूच आलं. म्हटलं, "भाऊजी, ह्यांचा आवाज माझ्याकडे कशातच नाही. फोटो आहेत, लग्नाचा अल्बम आहे. पण हाक कशी मारायचे, ते आता मला नीटसं आठवत नाही. कोणाकडे असता, तर मी पाया पडून मागितला असता." भाऊजी खिडकीबाहेर बघत राहिले. मोहन त्यांचा पाठचा भाऊ, त्यांनी त्याला खांद्यावर खेळवलेलं... म्हणाले, "तो मला 'अंतू' म्हणायचा. दादा कधी म्हणाला नाही." आणि उठून आंघोळीला गेले.

दुपारी त्यांनी प्राजक्ताला फोन करून बोलावून घेतलं. संध्याकाळी साडेसहाला, म्हणजे तिकडच्या सकाळी, व्हिडिओवर डोरीन दिसली. शाळेत जायच्या कपड्यांत. तिच्याशेजारी खुर्चीत एक खूप म्हातारी बाई, तिची मावशी. भाऊजींनी तबकडी हलक्या कापडाने पुसली, पिन टेकवली. खरखर झाली, मग ते बोलणं आणि ते हसू. तेवढ्यानेच म्हातारी खुर्चीत ताठ बसली. बोट वर करून काहीतरी म्हणाली, ते आम्हाला कळलं नाही. डोरीनने सांगितलं, "मावशी म्हणते, ती अशीच हसायची, आणि हसल्यावर घरी मार खायची." गाणं संपलं. डोरीन रडली नाही. "पुन्हा," म्हणाली. भाऊजींनी पुन्हा लावलं, पुन्हा लावलं... चौथ्या वेळी म्हातारी बरोबर गायला लागली. भाऊजींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. डोरीन शाळेत उशिरा पोचली असणार.

तिने तबकडी मागितली नाही. उलट म्हणाली, तुम्ही इतकी वर्षं जपलीत, तुमच्याकडेच राहू दे. पण दोन दिवसांनी भाऊजीच मला म्हणाले, "मी काय करू तिचं? मला गाणं पाठ आहे." पोस्टाने पाठवायचा धीर होईना. डॉक्टरांनी त्यांना प्रवासाला मनाई केलेली. तेवढ्यात ताकेशी खरेदीसाठी जमैकाला निघाला होता. वाट वाकडी करून तो मुंबईत आला. ज्याला ती तबकडी जगात सगळ्यांत जास्त हवी होती, त्याच्याच हातात भाऊजींनी ती दिली. ताकेशीने दोन्ही हातांनी घेतली आणि कमरेत वाकून नमस्कार केला. तो गेल्यावर भाऊजी म्हणाले, "ह्याने पण नेली तर?" मी म्हटलं, "तर काय, माझ्या हातचं जेवणारे सगळेच चोर म्हणायचे." पुढचे सहा दिवस त्यांना जेवण गेलं नाही.

सातव्या दिवशी फोन आला. तबकडी पोचली होती, पण वाजत नव्हती. डोरीनच्या घरी प्लेअरच नाही. शेजारी नाही, चर्चमध्ये नाही. ज्या गल्लीत माणसाएवढे स्पीकर असायचे, तिथेही आता कोणाकडे नाही. ताकेशीने गावभर हिंडून एक मोडका प्लेअर मिळवला होता, त्याचा तबकडी फिरवणारा रबरी पट्टा तुटलेला. मग लालबागहून भाऊजींनी फोनवर दुरुस्ती सांगायला सुरुवात केली. "सायकलची ट्यूब आण. काप. अरुंद काप, बोटाएवढी नाही! आता ओढून बघ..." तासभर चाललं होतं. शेवटी तिकडून ते हसू ऐकू आलं, तेव्हा भाऊजींनी मला स्वयंपाकघरातून हाक मारली, "सुनंदा, वाढ गो. भूक लागली."

त्यानंतर ते दीड वर्ष जगले. आनंदात जगले, असं मी छातीवर हात ठेवून सांगेन.

गेल्या आठवड्यात जपानहून पार्सल आलं. डोरीनच्या परवानगीने ताकेशीने त्या गाण्याच्या मोजक्या तबकड्या छापून घेतल्या होत्या, त्यातली पहिली आम्हाला पाठवली. लेबलवर तिच्या आईचं नाव छापलं आहे. भाऊजींच्या प्लेअरला मी जन्मात हात लावला नव्हता. संध्याकाळी त्यांच्या खोलीत गेले, त्यांना करताना पाहिलं होतं तसं सगळं केलं, पिन टेकवली. आवाज किती ठेवायचा, ते कळलं नाही. बटण बहुधा त्यांनी ठेवलं होतं तिथेच राहिलं. गाणं सुरू झालं आणि दोन मिनिटांत भिंतीवर पलीकडून थापा पडल्या. एक, दोन, तीन. शेजारच्या शिरोडकर काकू. चाळीतही भिंतीला भिंत, इथेही. रोज संध्याकाळी त्या अशाच तीन थापा मारायच्या, आणि आवाज कमी करायचा की नाही, ते भाऊजी आपल्या मर्जीने ठरवायचे.

या वेळी काकू थापांवर थांबल्या नाहीत. थोड्या वेळाने बेल वाजली. काकू दारात. डोळे भरलेले. "सवय हो... हात आपोआप गेला भिंतीवर."

मी त्यांना हाताला धरून खोलीत आणलं, पलंगावर बसवलं. विचारलं, "काकू, एवढा त्रास होतो का हो आवाजाचा?"

"आवाज कसला? चार वर्षं झाली, मला धड ऐकू येत नाही," काकू म्हणाल्या. "पण भिंतीला हात लावला की तो धमधम ठेका लागतो हाताला. थाप मारताना तो लागला, की समजायचं, अनंतराव घरात आहेत, बरे आहेत."

गाणं संपत आलं होतं. मी तबकडी उलटली, दुसरी बाजू लावली, आणि काकूंना दिसेल असं आवाजाचं बटण आणखी थोडं वर केलं. काकूंनी मागे सरकून पाठ भिंतीला टेकवली, डोळे मिटले.