आलेखअण्णा आणि अक्कांचा ठिपका

आलेखअण्णांना साधा प्रश्न विचारला तरी उत्तराआधी त्यांचा हात खिशातल्या पेनाकडे जायचा. "अण्णा, आज पाणी कधी येणार?" असं जिन्यातून विचारलं, की ते वर्तमानपत्राच्या समासात एक उभी रेघ, एक आडवी रेघ मारत आणि आठवडाभराचं पाणी त्यावर चढवून-उतरवून दाखवत. तोवर पाणी येऊन गेलेलं असे.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी पुण्याहून नोकरीसाठी बंगळूरला आले आणि बनशंकरीत त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहिले. अण्णांचं मराठी घराणं पिढ्यान्‌पिढ्या तिथलंच, त्यामुळे बोलण्यात कानडी 'स्वल्प', म्हणजे जरासं, सारखं यायचं. एका यंत्रांच्या कारखान्यात ते नियोजन विभागात अधिकारी होते आणि साहेबांच्या बैठकांसाठी आलेख काढत. त्यांच्यापाशी विनय औषधालाही नव्हता. "या गावात माझ्यासारखा पाय-चार्ट काढणारा दुसरा दाखवा," म्हणायचे. दाखवायला कोणी जात नसे, म्हणून ते खरंच ठरायचं.

प्रत्येक आलेखाला त्यांनी एकेक स्वभाव चिकटवला होता. "पाय-चार्ट म्हणजे वर्तुळाची वाटणी. वाटणी आली की भावकी आली, म्हणून तो घरात काढायचा नाही." स्तंभालेख म्हणजे शाळेची प्रार्थना, सगळे उंचीप्रमाणे उभे. रेषालेखावर मात्र त्यांचा विश्वास नव्हता. "रेघ स्वल्प वर जाताना दिसली की माणूस लगेच हुरळतो," म्हणत. स्वयंपाकघरातून अण्णांच्या पत्नी, काकू, ओरडायच्या, "रेघा पुरे, पोळ्या निवल्या!"

मग कारखान्यात नवा संगणक आला आणि अण्णांचं उरलंसुरलं भान सुटलं. मधे भोक असलेला डोनट आला, कोळ्याच्या जाळ्यासारखा रडार आला. पण त्यांचा जीव जडला बबल चार्टवर. "उभी एक गोष्ट, आडवी एक गोष्ट, आणि बुडबुड्याच्या आकारात तिसरी! एका कागदावर तिघी नांदतात, पण भांडत नाहीत बघा." मला हे त्यांनी इतक्या वेळा ऐकवलं, की मी जिना उतरताना चपला हातात घ्यायला लागले.

अण्णा आमच्या मराठी मंडळाचे चिटणीस होते. गणपती उठले की कार्यकर्त्यांचा श्रमपरिहार व्हायचा, म्हणजे राबलेल्यांनी एकत्र बसून जेवायचं. त्या वर्षी जेवणाआधी अण्णांनी पांढरी चादर टांगली, प्रोजेक्टर लावला आणि दिवे घालवले. चादरीवर रंगीत बुडबुडे उमटले. प्रत्येक बुडबुडा म्हणजे एक घर. जुनी घरं उजवीकडे, माझ्यासारखी नवी डावीकडे. माणसं जास्त असलेली वर, कमी असलेली खाली. आणि ज्या घरानं मंडपात जास्त तास काम केलं, त्याचा बुडबुडा मोठा. लोक आपापला बुडबुडा शोधायला लागले. कोणी शेजाऱ्याचा बघून नाक मुरडलं. अण्णा हातातली लांब पट्टी नाचवत होते.

"यात मी कुठं रे अण्णा?" मागून सावित्रीअक्कांनी विचारलं.

सत्तरी ओलांडलेल्या अक्का दोन गल्ल्या पलीकडे एकट्या राहत. गणपतीच्या नैवेद्याचे मोदक पहिल्या वर्षापासून त्यांच्या घरून यायचे. पहाटे उठून, सोवळ्यानं उकड काढून त्या ते करत आणि रिक्षानं पाठवून देत.

अण्णांनी उजव्या कोपऱ्यात अगदी खाली पट्टी टेकवली. "हा काय! स्वल्प बारीक आहे अक्का, जवळ येऊन बघा."

सगळे हसले. अक्का खरंच उठून जवळ गेल्या. प्रोजेक्टरच्या उजेडात त्यांच्या पातळावर इतरांचे बुडबुडे पडले, आणि त्यांचा स्वतःचा ठिपका सावलीत गेला. क्षणभर शोधून त्या म्हणाल्या, "सरी, ठीक आहे. मी मंडपात येतेच कुठं? बरोबर आहे तुझं." आणि जागेवर जाऊन बसल्या.

पानं वाढली, अक्कांनी त्याही दिवशी पाठवलेले मोदक त्यात होते. अण्णांनी मोदक फोडून पहिला घास घेतला आणि ते थांबलेच. माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "हे कुठं धरलं मी?" कुठंच धरलं नव्हतं. मंडपातले तास मोजले होते. अक्कांची चूल मंडपात नव्हती. अण्णांचा चेहरा कानापर्यंत तांबडा झाला. पान तसंच टाकून ते हात धुवायला उठले, आणि आम्हा हसणाऱ्यांनाही मग समोरचे मोदक जाईनात.

दुसरं कोणी असतं तर जाऊन चार शब्द बोललं असतं. अण्णा दुसऱ्या दिवशी नवा आलेख घेऊन अक्कांच्या घरी गेले, मलाही ओढून नेलं. अक्कांचा बुडबुडा आता कागदभर झाला होता.

"आणि बाकीचे?" अक्कांनी विचारलं.

"तुमच्या खाली आहेत, अक्का."

"अरे, आता त्यांना लाजवतोस? फाड ते."

अण्णांनी तिथंच फाडला. अक्कांनी आम्हाला कॉफी दिली.

त्यानंतर अण्णांनी मंडळात आलेख काढला नाही. कोणी विचारलं की "यंत्र बिघडलंय" म्हणत. गणपतीत ते पहाटे अक्कांच्या दारात हजर होत आणि ओसरीवर बसून नारळ खोवत. खोबऱ्याबरोबर करवंटीही खोवत, अक्का ती निवडून काढत. मोदक पूर्वीसारखेच यायचे. मला वाटलं, मिटलं सगळं.

अण्णा निवृत्त झाले आणि नागपूरला लेकीकडे कायमचे जायला निघाले. निघायच्या दिवशी अक्कांचा निरोप घ्यायला गेले, तेव्हा त्यांची पिशवी धरून मी सोबत होते. ते पाया पडायला वाकले. "अक्का, त्या दिवसाचं मनात ठेवू नका."

"तुझा राग नाही रे," अक्का म्हणाल्या. "मोदक करणं हे काम आहे, हे इतकी वर्षं मला ठाऊकच नव्हतं. उठायचं, उकड काढायची, झालं. तुझं ते चित्र बघितल्यापासून मोदक वळताना मनात येतं, किती तास झाले? देवासाठी करते आणि तास मोजते मी. या वयात लाज वाटते रे अण्णा."

अण्णा वाकलेले होते ते उठेचनात. शेवटी अक्कांनीच त्यांना दंडाला धरून उठवलं.