आबनुसाची खुर्ची

स्वातंत्र्य आलं त्या वर्षी धुळ्यातला एक गोरा साहेब विलायतेला परत निघाला आणि त्याच्या बंगल्यातल्या सामानाचा लिलाव झाला. मी नुसता बघायला गेलो होतो. अंगणात आबनुसाच्या काळ्याभोर लाकडाची एक खुर्ची होती. तिच्या हातांवर कोरलेली द्राक्षाची वेल पाठीपर्यंत चढली होती. एक म्हातारी खाली मातीत बसून त्या वेलीवरून बोट फिरवत होती. प्रत्येक पानाशी थांबायची, पदराने धूळ टिपायची आणि मग पुढच्या पानाकडे वळायची.

मी विचारलं, "अक्का, खुर्ची घ्यायची आहे का?"

"नही भाऊ," ती म्हणाली. "हाई मना पोऱ्यानी कोरेल शे."

खुर्ची पुरी झाली त्याच पावसाळ्यात तिचा मुलगा पटकीनं गेला होता. बंगल्याचं फाटक मात्र तिच्यासाठी आजच उघडलं होतं.

खुर्ची जळगावच्या एका कापूस व्यापाऱ्यानं घेतली. म्हातारीचं बोलणं त्यानेही ऐकलं होतं. "अक्का, एकदा बसून तरी घ्या," तो म्हणाला.

तिने मान हलवली. "नको भाऊ. तो बी कधी बसना नही."

खुर्ची बैलगाडीत चढवली, तशी म्हातारी एक हात खुर्चीवर ठेवून मागोमाग चालू लागली. व्यापाऱ्यानं गाडीवानाला बैल हळू हाकायला सांगितलं. मीही त्यांच्यासोबत गेलो. पांझरेच्या पुलापाशी तिला धाप लागली, पावलं मागे पडली आणि हात सुटला. गाडी पूल ओलांडून दिसेनाशी झाली, तरी तिची बोटं तशीच वाकलेली होती.