यानांच्या टकरीची जॉइंट नोट

"लाइन क्लिअर कोणं देला?"

पडद्यावर दोन अंतराळयानं एकमेकांवर आदळली आणि भर थिएटरात काका उभे राहिले. मागून कुणी ओरडलं, "अंकल, बैठ जाओ!" काका बसले नाहीत. एक यान तळाच्या आत उभं असताना दुसऱ्याला यायची परवानगी दिलीच कुणी, हे त्यांना आधी हवं होतं.

ब्राह्मणपारा या आमच्या मोहल्ल्यात समोर राहणारे हे काका म्हणजे रेल्वेतले निवृत्त स्टेशन मास्तर. असा माणूस तुमच्याही गल्लीत असेल. पिक्चर बघायला जातो आणि तपास करून परततो.

पिक्चर अफाट खर्चाचा. गोष्ट एवढीच, की टक्कर होते. कॅप्टन सांगतो, तळाचं चुकीचं दार मेकॅनिकने उघडलं. मेकॅनिक टकरीतच मेलेला. कॅप्टन पुढे पृथ्वी वाचवतो आणि पदक घेतो.

परतताना मी रस्ताभर भाषण ठोकलं. हवा नाही तिथे आग लागते कशी? स्फोट ऐकू येतो कसा? आणि एवढ्या यानात झाडू कोण मारतं? कामगारवर्ग काय पृथ्वीवरच ठेवून आले? भनपुरीच्या कारखान्यांच्या गेटवर मी कामगार संघटनेची पत्रकं वाटतो. असली वाक्यं मला तोंडपाठ.

काकांनी विचारलं, "त्या मेकॅनिकचं थोबाड कसं होतं, सांग बरं?"

मला आठवेना.

काकांनी तो पिक्चर आणखी दोनदा पाहिला, वही घेऊन. मग मला बोलावलं. "दाराचं बटन कॅप्टनच्या हाताशी हाय. मेकॅनिक तवा खाली, पाना घेऊन. मी दोन्ही खेपेले पाह्यलं."

"काका, ती डायरेक्टरची चूक आहे. शॉट जोडताना गडबड झाली."

"चूक डायरेक्टरची, तर मग मेकॅनिकच्या नावावर काहून?"

आतून नात ओरडली, "दादाजी, पिक्चर है, इंक्वायरी नहीं!"

"हव," काका म्हणाले आणि कागदावर रकाने आखू लागले.

रेल्वेत अपघात झाला की वेगवेगळ्या खात्यांचे लोक जागेवर जमतात, दोष कोणाचा ते लिहितात आणि सगळे सही करतात. ती जॉइंट नोट. काकांना मेकॅनिक निर्दोष ठरवायचा होता; पण एकट्याच्या सहीची नोट जॉइंट होत नाही. थिएटरातल्या पॉपकॉर्नवाल्याने आधीच हात जोडले होते, "बाबूजी, मैंने तो सिर्फ इंटरवल देखा है।" उरलो मी.

मी ताठ नकार दिला. "मी जिवंत माणसांसाठी लढून राहिलो, काका. पडद्यावरच्यांसाठी नाही."

काका पेनाचं टोपण काढत, लावत राहिले.

"आमच्या यार्डात एकदा डबे आदळले. रूळ बदलणारा पॉइंट्समन मेला. चूक त्याची नव्हती, मले ठाऊक होतं. पण मेलेला जबाब देत नाही ना. साऱ्यांनी त्याचंच नाव लिवलं." टोपण लावून म्हणाले, "मीबी सही केली. बदलीले भेलो."

मी त्यांच्या हातातून पेन घेतलं.

एक रकाना रिकामा होता: मृताचं नाव. पिक्चरमध्ये ते कुणी घेतच नाही. मी मोबाइलवर शोधलं. कलाकारांच्या यादीत अगदी खाली होतं: मेकॅनिक नंबर दोन.

"माणसाले नंबर नसते," काका म्हणाले. पेन परत घेतलं आणि सावकाश, सरकारी अक्षरात लिहिलं: बिसाहू, पॉइंट्समन.

अंतराळयानावर पॉइंट्समन नसतो, असं मी म्हणालो नाही. त्यांच्या सहीखाली माझी केली.

काका वारले, त्यानंतर त्यांच्या नातीने वहीत ठेवलेली ती नोट मला आणून दिली. दारातच उभी राहून तिने ती पुन्हा एकदा वाचली.

"भैया, ये बिसाहू कौन से सीन में था?"

"कोणत्याच सीनमध्ये नाही," मी म्हटलं. "बस, सांगतो."