तळाचं शीत

बायकोने पातेल्यावरचं झाकण काढलं, वरचं एक शीत उचललं आणि दोन बोटांत दाबून पाहिलं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो. सकाळीच डॉक्टरांनी तिच्या छातीतल्या गाठीत सुई घालून तपासणीसाठी तुकडे काढले होते. रिपोर्ट सोमवारी मिळणार.

कॉलेजात नमुना निवड शिकवताना मी दरवर्षी भाताचंच उदाहरण देतो. शितावरून भाताची परीक्षा होते खरी, पण भात सगळीकडे सारखा शिजला असेल तरच. नाहीतर वरचं शीत फक्त वरच्या थरापुरतं बोलतं. पोरं माना डोलावतात आणि लिहून घेतात. आज माझंच वाक्य मला छळत होतं. सुई नेमकी कुठे गेली असेल? रोग असेल नेमकं तिथलंच घ्यायचं राहून गेलं असेल तर? "वेगवेगळ्या ठिकाणचं घेतलंय, सर," असं डॉक्टर म्हणाले होते. तरी रिपोर्ट चांगला यावा म्हणून देवाला विनवत असतानाच, तो चांगला आला तर त्यावर कोणती शंका घ्यायची, हेही मी ठरवून ठेवत होतो.

"झाला भात," ती म्हणाली. "पानं घ्या."

"एका शितावरून कसं ठरवतेस?" माझा आवाज उगाचच चढला. "खाली करपला असेल तर?"

तिने माझ्याकडे क्षणभर पाहिलं. मग उलथनं थेट तळापर्यंत घातलं आणि तिथलं एक शीत माझ्या तळहातावर ठेवलं.

"घ्या, तुम्हीच बघा."

शीत गरम होतं. मला ते दाबवेना.