आलेखातले दोन खोटे उंचवटे

ऐंशीच्या दशकात मी गडचिरोलीच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत होते आणि उरल्या वेळात पीएच.डी. करत होते. सूर्याच्या पोटात ध्वनिलहरी घुमतात, त्यामुळे त्याचा पृष्ठभाग दर पाचेक मिनिटांनी वरखाली होतो आणि वर्णपटातल्या काळ्या रेषा किंचित सरकतात. दक्षिणेतल्या एका वेधशाळेकडून या सरकण्याच्या नोंदी मागवायच्या आणि नागपूरला जाऊन संगणकावर आकडेमोड करायची, असं माझं चाललं होतं.

विभागप्रमुखांना ही सगळी थेरं वाटत. रजेचा अर्ज दिला की स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर विचारत, "बाई, सूर्याचं गाणं ऐकाले चालल्या का? इथी पोरायले उष्णता कोन शिकवन?" माझे वडील नागभीड स्टेशनात रुळांचे सांधे बदलणारे पॉइंटमन होते, हेही त्यांना नेमक्या वेळी आठवे. मी त्यांचा मनापासून द्वेष करत होते.

एकदा, कोणत्या वारंवारतेची लहर किती जोरदार हे दाखवणाऱ्या आलेखात, मुख्य शिखराच्या दोन्ही बाजूंना, सारख्याच अंतरावर, दोन लहान उंचवटे दिसले. फिरण्यामुळे लहरीचं शिखर असं फुटतं, तेव्हा सूर्याचा गाभा फार वेगानं फिरतो याचा हा पुरावा, असं मी ठरवूनच टाकलं आणि विभागात फळ्यावर आलेख काढून व्याख्यान दिलं. प्रमुख उठले, फळ्याजवळ आले आणि डस्टरनं दोन्ही उंचवटे पुसून टाकले.

"हे खोटे हाय, बाई. सूर्य रोज मावळते, म्हणून तुमची नोंद रोज तुटते. त्या तुटण्याचे उंचवटे हाय हे. सूर्याचे नाई."

"सिद्ध करून दाखवा!" मी ओरडलेच.

"मी काऊन करू? पीएच.डी. तुम्हाले पाहिजे."

पडताळणीसाठी नागपूरला जायला मी रजा मागितली, ती त्यांनी नाकारली. मी बिनपगारी गेले, त्यांना तोंडघशी पाडायला. संगणकात एकच शुद्ध लहर घातली. तिला बाजूचे उंचवटे असायचं कारणच नव्हतं. वेधशाळेच्या नोंदीत जिथं जिथं रात्र होती, तिथं तिथं ती लहर कापली. छापून आलेल्या कागदावर दोन उंचवटे होते, अगदी त्याच जागी.

एसटीत ब्रह्मपुरीपर्यंत मी रडत होते. माझं चुकलं याचं फारसं काही वाटत नव्हतं, ते बरोबर निघाले याचा संताप होता.

दुसऱ्या दिवशी त्यांना सांगितलं, "तुमचं बरोबर होतं, सर."

त्यांनी मान वर केली नाही. "माहीत हाय. बारावीचा तास घ्या."

दोन प्रकरणं टाकून देऊन पुन्हा लिहिली. पदवी मिळाली. आभाराच्या पानावर त्यांचं नाव घालावं की नाही, यावर आठवडाभर स्वतःशी भांडले आणि घातलं नाही. प्रबंधाची प्रत त्यांच्या टेबलावर ठेवली, तेव्हा त्यांनी आधी तेच पान उघडलं, शेवटपर्यंत वाचलं आणि प्रत माझ्याकडे सरकवली. त्या माणसावरचा राग अजून शाबूत आहे. त्या पानाची मात्र लाज वाटते.